जेमा डॉइलची तीन पुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ही पुस्तकं पहिल्यांदा अकरावीत असताना वाचली आणि गेल्या वर्षी माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीबरोबर पुन्हा वाचून काढली. तेव्हापासून तिच्या मैत्रिणी, त्या मैत्रिणींच्या आया आणि आमच्या वाचनगटातल्या बायका मला तेच तेच प्रश्न विचारत आल्या आहेत. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. जिथे शेवट फुटणार आहे, तिथे आधी तसं सांगितलं आहे.

ही नेमकी कुठली मालिका? किती भाग आहेत?

लिबा ब्रे या अमेरिकन लेखिकेची ही त्रयी. 'अ ग्रेट अँड टेरिबल ब्यूटी' (२००३), 'रिबेल एंजल्स' (२००५) आणि 'द स्वीट फार थिंग' (२००७). याच क्रमाने वाचायची. मधला भाग सुटा वाचून काहीही हाती लागणार नाही.

सोळा वर्षांची इंग्रज मुलगी जेमा मुंबईत वाढलेली आहे. आईच्या मृत्यूनंतर तिला इंग्लंडमधल्या स्पेन्स नावाच्या मुलींच्या निवासी शाळेत पाठवतात. तिला अचानक पुढचं-मागचं दिसू लागतं, आणि त्या दृश्यांतून 'रेल्म्स' नावाच्या दुसऱ्या जगाचं दार उघडतं. हे दार पूर्वी 'ऑर्डर' या बायकांच्या गुप्त मंडळाच्या ताब्यात होतं. तीन मैत्रिणींना घेऊन ती आत जाते. त्या शाळेतल्या मुलींना बाहेरच्या जगात एकच गोष्ट शिकवली जाते आहे: चांगलं स्थळ कसं मिळवायचं.

गोष्ट मुंबईत घडते असं ऐकलं. खरं का?

सुरुवात मुंबईत होते. तारीख २१ जून १८९५, जेमाचा सोळावा वाढदिवस. बाजारातली गर्दी, उकाडा, टोपलीतला नाग, आणि लंडनला जायचं म्हणून हटून बसलेली मुलगी. आईशी भांडून ती गर्दीतून पळत सुटते आणि त्याच दिवशी आई मरते. लोकांना सांगितलं जातं की ती पटकीने गेली. त्या काळच्या मुंबईत ही थाप सहज खपण्यासारखी होती. जेमाला मात्र खरं काय ते दिसलेलं असतं. तिथून पुढे कथा इंग्लंडला जाते ती जातेच.

मुंबईकर म्हणून मला या सुरुवातीने दोन्ही वेळा दुखावलं, आणि ते मी लपवणार नाही. १८९५ची मुंबई किती भरलेली होती! व्हिक्टोरिया टर्मिनस पुरं होऊन सात वर्षं झाली होती. गिरण्यांचे भोंगे वाजत होते. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपतीचे दोन उत्सव होऊन गेले होते. या शहरात वाढलेल्या मुलीच्या कानावर मराठी, गुजराती, हिंदुस्तानी पडलीच असणार. सरितासारखी घर सांभाळणारी बाई तर रोज तिच्या सोबत होती. पण पुस्तकात हे शहर पडद्यासारखं मागे टांगलेलं आहे. नाग, धूळ, गर्दी, गूढ पुरुष, बस्स.

तरीही एक गोष्ट लेखिकेने अचूक पकडली आहे. जेमाला मुंबई नकोशी असते आणि इंग्लंडला पोचल्यावर तिच्या लक्षात येतं की आपण तिथल्याही नाही. ज्या गावाचा कंटाळा केला तेच आपलं होतं, हे कळेपर्यंत बोट निघून गेलेली असते. शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेलेल्या आपल्या कितीतरी मुलामुलींना हा भाग वाचताना गलबलून येतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आणखी एक मनात आलेलं सांगते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९६मध्ये, मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण सापडला. डॉइल कुटुंब आणखी सव्वा वर्ष थांबलं असतं तर ही वेगळीच कादंबरी झाली असती, आणि ती मला फार वाचायची आहे.

'रक्षणा' हा शब्द आपलाच ना? आणि कार्तिक मराठी आहे का?

शब्द उघडच 'रक्षण'वरून घेतलेला आहे. रक्षणा म्हणजे पुरुषांचं गुप्त मंडळ. बायकांच्या ऑर्डरवर त्यांची नजर असते. रक्षण कुणाचं आणि कुणापासून, हा प्रश्न पुस्तक मध्येमध्ये विचारतं आणि मला ते फार आवडलं. आपल्याकडेही मुलीला घरात ठेवायचं ते तिच्या 'रक्षणासाठी'च. हा शब्द कानाला जेवढा मायेचा लागतो तेवढाच तो कडीकुलपाचा आहे. इंग्रजी वाचकाला हा अर्थ आपोआप लागत नाही, आपल्याला लागतो. मराठी वाचकाला इथे जास्त मिळतं.

कार्तिकला आडनाव दिलेलं नाही, त्यामुळे त्याला मराठी म्हणता येत नाही आणि दुसरं काही म्हणायलाही आधार नाही. तो भारतीय आहे, रक्षणाने वाढवलेला आहे आणि त्याचा मोठा भाऊ अमर मुंबईतल्या त्या पहिल्या प्रसंगातच मारला जातो. तो जेमावर पाळत ठेवायला इंग्लंडला येतो. पहिल्या भागात शाळेजवळच्या जिप्सींच्या तळावर राहतो, दुसऱ्यात डॉइलांच्या घरी गाडीवान होतो. तो हुशार आहे, हट्टी आहे, देखणा आहे. पण त्याला आई कशी आठवते, तो मनातल्या मनात कुठल्या भाषेत बोलतो, सणावाराला त्याला काय खावंसं वाटतं, यातलं काहीच आपल्या हाती लागत नाही. माझी भाची वाचता वाचता म्हणाली, "मावशी, हा एकटा असताना काय करत असेल?" माझ्या मते हाच या मालिकेतला सगळ्यात महत्त्वाचा न लिहिलेला भाग आहे.

जाता जाता: जिप्सी, म्हणजे रोमा लोक, पुस्तकात बरेचसे ठरावीक साच्यातले आहेत. मुलांबरोबर वाचत असाल तर त्यावर बोला.

जादू कशी आहे? मंत्र, छड्या वगैरे?

तसलं काही नाही. रेल्म्समध्ये गेलं की मनात येईल ते घडतं, आणि म्हणूनच या जादूत मला खरी गंमत वाटली. चौघी पहिल्यांदा एकमेकींना सांगतात की आपल्याला काय हवं आहे. फेलिसिटीला सत्ता हवी असते, पिप्पाला खरं प्रेम, ॲनला सौंदर्य. जेमाला स्वतःला ओळखायचं असतं.

म्हणजे बघा, अख्खं जग हाताशी आलं तरी तिघी मागतात त्या गोष्टी त्यांना शाळेनेच शिकवलेल्या आहेत. ॲन गरीब आहे, शिष्यवृत्तीवर आलेली, नातेवाइकांच्या घरी गव्हर्नेस होणार हे ठरलेलं. तिला आपण कुरूप आहोत असं इतक्यांदा ऐकवलं गेलं आहे की जादू मिळाल्यावर ती चेहराच बदलून मागते. पिप्पा राजकुमार मागते. पिंजऱ्यात वाढलेल्या माणसाची इच्छासुद्धा पिंजऱ्याच्या मापाची होते, आणि ती मोठी करायला वेळ लागतो, हे मला या तीन पुस्तकांतून कळलं. युद्धं, राक्षसी प्राणी, भविष्यवाण्या हे सगळं मी पुढच्या वेळी वाचताना भराभर उलटलं. त्या इच्छा मागण्याच्या प्रसंगावर मात्र प्रत्येक वेळी थांबले.

त्यात दाखवलेलं इंग्लंड कितपत खरं आहे?

बऱ्यापैकी. मुली कमरेला कॉर्सेट आवळतात, फ्रेंच शिकतात, राणीपुढे गुडघा मोडून लवण्याचा सराव करतात. लग्नाच्या बाजारात उतरण्याचा हा सगळा सोपस्कार त्या वर्गात खरंच होता.

दुसऱ्या भागात नेल हॉकिन्स ही मुलगी वेड्यांच्या इस्पितळात, 'बेडलम'मध्ये, आहे. हे बेथलेम रुग्णालय त्या काळी लंडनच्या लॅम्बेथ भागात होतं. त्या इमारतीत आज इम्पीरियल वॉर म्युझियम आहे. कुणी लंडनला गेलं तर घुमटाखाली उभं राहून नेलची आठवण काढा.

जेमाचे वडील बायको गेल्यावर लॉडनमच्या, म्हणजे अफूच्या अर्काच्या, आहारी जातात. हा धागा मला सगळ्यात अस्सल वाटला, कारण त्याचं मूळ आपल्याकडे आहे. माळव्याची अफू कित्येक दशकं मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि शहरातल्या अनेक मोठ्या संपत्तींचा पाया त्या व्यापारात होता. कथा सुरू होते त्याच १८९५ साली ब्रिटिश सरकारच्या अफू आयोगाचा अहवाल आला आणि व्यापार बंद करायची शिफारस काही त्याने केली नाही. पुस्तकात यातलं काही येत नाही. पण बापाचे थरथरते हात आणि ते झाकण्यासाठी मुलीची चाललेली धडपड वाचताना हे मनात आल्याशिवाय राहत नाही. घरात दारूचं व्यसन पाहिलेल्या वाचकांनी हा भाग मन थोडं घट्ट करून वाचावा.

मग त्याच वर्षांत आपल्याकडच्या मुली काय करत होत्या?

हा प्रश्न भाचीनेच विचारला, आणि त्याचं उत्तर शोधताना मला ही मालिका नव्याने दिसली.

पिप्पाचं लग्न आईबाप बापाच्या वयाच्या श्रीमंत वकिलाशी ठरवतात. तिला अपस्माराचे झटके येतात ते लपवून, घाईघाईने. तिला 'नाही' म्हणायची सोय नाही. आता मुंबईच्या रखमाबाईंकडे बघा. जन्म १८६४, लग्न अकराव्या वर्षी. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला, पण तो टिकला नाही. १८८७मध्ये हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंग पत्करला. शेवटी १८८८मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढच्या वर्षी त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. परत येऊन त्यांनी सुरतेला बायकांच्या रुग्णालयात अनेक वर्षं काम केलं.

तारखा एकमेकींशेजारी ठेवून पाहा. जेमा लंडनला निघते त्याच्या थोडंच आधी एक खरीखुरी मुंबईकर बाई लंडनहून डॉक्टर होऊन निघाली होती. पंडिता रमाबाई त्याच्या दहा वर्षं आधी इंग्लंडमधल्या चेल्टनमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. स्पेन्ससारख्याच वर्गातल्या मुलींनी भरलेली ती संस्था. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र त्यांना तेव्हा मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड बायकांना १९२०पर्यंत पदवी देतच नव्हतं.

हे वाचून भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे जेमाला जे करायला जादू लागली ते यांनी जादूशिवाय केलं." मी तिला म्हटलं, जेमाचा त्यात दोष नाही. पण तुझं खरं आहे. ही त्रयी मुलीच्या हातात देताना रखमाबाईंची गोष्टही तिच्या कानावर घाला, एवढीच माझी प्रत्येक आईला विनंती असते. पुस्तकातलं भारत नावाचं रिकामं पान त्याने भरून निघतं.

कुठल्या वयाच्या मुलांना द्यावी?

चौदा-पंधराच्या पुढे. पुस्तकात आईची आत्महत्या आहे, ॲन स्वतःच्या हातावर वार करून घेते, व्यसन आहे, आणि दुसऱ्या भागात एका मुलीवर लहानपणी घरातच झालेल्या लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आहे. चटपटीतपणासाठी घातलेलं यातलं काहीही नाही. शेवटची गोष्ट तर इतक्या दबक्या आवाजात सांगितली आहे की लहान वाचकाच्या नजरेतून निसटेल आणि ज्याला कळायची त्याला खोलवर कळेल.

मी अकरावीत हे पुस्तक वाचनालयातून घेताना तिथल्या बाईंनी "असली भुताटकी वाचून काय मिळणार?" असं विचारलं होतं. त्यांना तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज देते. माझ्या एका मैत्रिणीने बाही वर करून हात दाखवायची हिंमत ॲनबद्दल वाचल्यावर केली. आम्ही दोघी मिळून तिच्या आईकडे गेलो. आई आधी रडली आणि मग तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मुलगी असं काही वाचते आहे हे दिसलं तर पुस्तक काढून घेऊ नका, शेजारी बसा.

इंग्रजी जड आहे का?

नाही. जेमा स्वतः बोलते आणि वर्तमानकाळात बोलते, त्यामुळे वाक्यं छोटी आणि चटकदार आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या दहावीच्या मुलीला पहिली पन्नास पानं कपड्यांच्या आणि रीतिरिवाजांच्या शब्दांनी अडखळवतील, नंतर वेग येतो.

फेलिसिटी इतकी दुष्ट वागते. ती लोकांना आवडते कशी?

मलाही पहिल्यांदा तिचा राग आला होता. ती ॲनला छळते, नौदलातल्या बापाच्या नावाचा तोरा मिरवते. पण प्रत्येक शाळेत एक फेलिसिटी असतेच, आणि तिच्या रागाचं कारण कुणी विचारत नाही. ब्रे विचारते. दुसऱ्या भागात ते कारण कळतं तेव्हा आधीच्या पुस्तकातली तिची सगळी वाक्यं नव्याने ऐकू येतात. तिला सत्ताच का हवी होती, हे तेव्हा लख्ख होतं.

चौघींची मैत्री गोड नाही, आणि मला ती त्यासाठीच प्रिय आहे. त्या एकमेकींशी खोटं बोलतात, जळतात, दुखावतात. गरज पडली की अपरात्री गुहेत जमतातही. मुलींच्या मैत्रीबद्दल इतकं खरं मी त्या वयात दुसरीकडे वाचलं नव्हतं.

दुसऱ्या भागातला धक्का आधी ओळखू येतो का?

मला आला नाही. भाचीने शंभराव्या पानाच्या आसपास ओळखला आणि मला न सांगता कागदावर लिहून घडी घालून ठेवला. नाव बरोबर निघालं.

तिसरा भाग एवढा जाडजूड का आहे? सोडून दिला तर चालेल?

आठशेहून अधिक पानं आहेत आणि मधली दोनशे खरंच कमी करता आली असती. रेल्म्समधल्या टोळ्यांची भांडणं, करार, पुन्हा भांडणं यात कथा रेंगाळते. पण सोडू नका. ॲन नाटकाच्या रंगमंचाकडे कशी पोचते, फेलिसिटीचं पिप्पावरचं प्रेम मैत्रीपुरतं नव्हतं हे किती हळुवारपणे उघड होतं, जेमाचा बाप मुलीकडे पहिल्यांदा नीट कधी बघतो, हे सगळं याच भागात आहे. अडलात तर रेल्म्सची पानं चाळा आणि लंडनची सावकाश वाचा.

शेवटाबद्दल एवढी चिडचिड का? (शेवट फुटेल, वाचायचा नसेल तर इथेच थांबा.)

कार्तिकमुळे. जेमाला वाचवण्यासाठी तो रेल्म्समधल्या हिवाळी प्रदेशातल्या एका झाडात स्वतःला देऊन टाकतो. ती जगते, मोकळी होते, लग्नाच्या बाजाराला पाठ फिरवून शिकायला न्यूयॉर्कला जाते. अकरावीत मी दोन दिवस रडले होते. तेव्हा वाटलं होतं, किती सुंदर त्याग!

या वेळी रडू आलं नाही, राग आला. तिन्ही पुस्तकं एकच गोष्ट ठासून सांगतात: कुणाचंही आयुष्य दुसऱ्याच्या सोयीसाठी नसतं. पिप्पाचं नाही, ॲनचं नाही, जेमाचं नाही. मग तोच नियम या एकुलत्या एका भारतीय मुलाला का लागू होत नाही? आधी अमर गेला, मग धाकटा भाऊ गेला, आणि दोन्ही मरणांचा अर्थ इंग्रज मुलीच्या प्रवासात शोधायचा. लेखिकेच्या मनात काही वाईट होतं असं मला अजिबात वाटत नाही. तिचं कार्तिकवर प्रेम आहे, ते ओळीओळीत दिसतं. पण त्याला कुठे परत जायचं होतं हे तिने आधीच लिहिलं असतं, तर त्याला मारणं तिला इतकं सोपं गेलं नसतं.

जेमाने एकटीने न्यूयॉर्कला जाणं मात्र मला पूर्ण पटतं. प्रेम सफळ झालं म्हणजे मुलीची गोष्ट संपली, हा शेवट तिला शोभला नसता. तो जिवंत राहिला असता आणि तरीही दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या असत्या, तर ते लिहायला अवघड होतं. मला तेच हवं होतं.

भाचीला शेवट कसा वाटला?

तिने पुस्तक मिटलं आणि त्याच रात्री वहीत कार्तिकची आई लिहायला घेतली. घर भायखळ्याला, वर्ष १८८०, दोन मुलगे, धाकटा तापाने फणफणलेला. सध्या अकरा पानं झाली आहेत. धाकट्याचा ताप अजून उतरलेला नाही.